शेळी आणि मेंढी एकाच चाऱ्यावर जगतील का? मुरबाडला चारा काय लावावा?

घोडबंदरकर (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. राहायला आम्ही ठाण्यात, कासारवडवलीला, पण मुरबाडकडे वडिलोपार्जित जमीन आहे आणि भात निघाला की ती पावसाळ्यापर्यंत रिकामी पडते. भाऊ आणि मी मिळून तिथे शेळ्या आणि थोड्या मेंढ्या पाळायचं ठरवतोय. भाऊ गावीच असतो, मी शनिवार-रविवार जाणार.
आता ज्याला विचारावं तो एकच सांगतो, संकरित नेपियर गवत लावा, एकदा लावलं की काही वर्षं बघायला नको, शेळी काय नि मेंढी काय दोघी खातात, वरून मूठभर पेंड टाका की झालं. मला हे पटत नाहीये. शेळी बांधावरच्या बोरीला मागच्या पायांवर उभी राहून पाला ओरबाडते आणि मेंढ्यांचं खांड त्याच शेतातून खाली मान घालून जातं. खाण्याची पद्धतच एवढी वेगळी असेल तर पोटात पण काहीतरी वेगळं चालत असणार ना? नफ्याचे आकडे व्हिडिओवाले सगळे सांगतात, जनावराच्या पोटाबद्दल कोणी बोलत नाही. ज्यांनी पाळलीत त्यांनी सांगा, कोणता चारा कोणाला, कोणता पचतो, कोणता अंगावर येतो.

कोपरखैरणे_कट्टा:
वाचतोय. शेळी काहीही खाते असंच ऐकत आलोय. आमच्या सेक्टरमध्ये तर निवडणुकीची पोस्टरं खाते, पक्ष बघत नाही :)

पशुवैद्य_बदलापूर:
कट्टा, पोस्टर खाते ती त्याच्या मागच्या खळीसाठी. शेळी काहीही खाते हा तिच्यावर फार जुना आळ आहे. खरं तर ती गोठ्यातली सगळ्यात चोखंदळ बाई. कुठलीही नवी वस्तू ती ओठाने चाचपून बघते, आपल्याला वाटतं खातेय. खाली पडलेला, लेंड्या-मूत लागलेला चारा ती उपाशी राहील पण उचलणार नाही. शहरात मोकाट फिरणाऱ्या शेळ्यांच्या पोटात प्लास्टिक सापडतं ते खरकट्याच्या वासाने पिशवीसकट गेलेलं असतं, आणि ते पुढे सरकतही नाही आणि पचतही नाही, पहिल्या पोटात गोळा होऊन बसतं.
घोडबंदरकर, तुमची शंका बरोबर आहे. सविस्तर लिहितो रात्री.

माणदेशी_माथाडी:
आमचं घर मेंढपाळाचं, मी वाशीला मार्केटात असतो. मेंढीचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असतोय बघा, त्यामुळं ती गवत पार जमिनीला लागून कापते, गाईला जिथं काय दिसत नाय तिथं मेंढीचं पोट भरतं. शेळीचा ओठ आणि जीभ लई चपळ, काट्यातनं एक एक पान वेचून काढते, बोटाला काटा टोचलं पण तिच्या तोंडाला नाय. म्हणून आमच्या खांडात मेंढ्यांबरोबर चार शेळ्या असतातच, दुधाला पण होतात आणि मेंढ्या ज्याला तोंड लावत नायत ते झाडावरचं त्या खातात, दोघींचं भांडण नाय. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पाडल्या की मात्र दोघी तुटून पडतात.
नेपियरचं म्हणाल तर मेंढी खाईल, शेळी पानं खाऊन दांडा ठेवील. मग म्हणायचं नखरे करते.

ऐरोली_अनघा:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच धाग्यात विचारते. आमच्या सोसायटीत बकरी ईदच्या आधी काही कुटुंबं बोकड आणतात, मुलं दिवसभर त्यांना पोळी, पाव, बिस्किटं भरवत असतात, प्रेमानेच. तर त्यातला एक बोकड खाणं सोडून पोट फुगवून बसला होता. पोळीने असं होतं का? पोळी तर आपण पण खातो.

पशुवैद्य_बदलापूर:
अनघाताई, तुमच्या प्रश्नातच सगळं उत्तर आहे म्हणून इथेच सुरुवात करतो.
शेळी-मेंढीला चार कप्प्यांचं पोट. पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट, ज्याला आम्ही रूमेन म्हणतो. इडलीचं पीठ आंबतं तसं तिथे चोवीस तास आंबवण चालू असतं, ३९ अंशांच्या आसपास उबेत, हवेशिवाय. जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि बुरशी मिळून गवतातला चोथा फोडतात, जो आपल्याला कधीच पचला नसता. त्यातून जी आम्लं तयार होतात तीच जनावराच्या रक्तात जाऊन त्याची बरीचशी ऊर्जा भागवतात. म्हणजे तुम्ही शेळीला चारा घालता तेव्हा आधी त्या जिवाणूंना घालता, आणि शेवटी चौथ्या पोटात, जे आपल्यासारखं खरं पोट असतं, तिथे ते जिवाणू स्वतःच पचून शेळीचं प्रथिन होतात.
चोथा फोडणारे जिवाणू सावकाश काम करतात. पोळी, पाव, भात, मका यातला स्टार्च खाणारे झपाट्याने वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पोट आंबट होतं. चोथा खाणारे मरायला लागतात, पोट हलायचं थांबतं, रवंथ बंद. त्याला अपचन म्हणून ओवा देत बसू नका, जास्त खाल्लं असेल तर जनावर एक-दोन दिवसांत जातं, लगेच डॉक्टर बोलवा.
लांब धाग्याचा चारा का लागतो तेही यातच आलं. लांब काडी खाल्ली की रवंथ होतं, रवंथ झालं की लाळ सुटते, लाळेत सोडा असतो आणि तो पोटातलं आम्ल मारतो. नुसत्या खुराकावर, म्हणजे धान्य-पेंडीवर ठेवलेलं जनावर रवंथच पुरेसं करत नाही.

अस्लम_कौसा:
डॉक्टरसाहेब अगदी बरोबर. ईदला येणारे बरेच बोकड राजस्थानचे असतात, तिकडे सुका पाला, शेंगा, कडब्यावर वाढलेले, ट्रकमध्ये दोन-तीन दिवस उपाशी तहानलेले, आणि इथे उतरल्या उतरल्या लोक ओला लसूणघास नि रोटी पुढे टाकतात. ढाळ लागणारच. आमच्या घरी पहिल्या दिवशी पाणी आणि सुकी वैरण, मग पिंपळाचा नि सुबाभळीचा पाला टांगून, हिरवं हळूहळू वाढवत. टांगून हे महत्त्वाचं, डोक्याच्या वर असलं की बोकड मान उंच करून मजेत खातो, खाली टाकलं की तुडवून ठेवतो. मुलांना सांगायचं पोळी नको, हातात पाल्याची डहाळी दे, त्याला पण मजा आणि बोकडाला पण.

ऐरोली_अनघा:
धन्यवाद दोघांना. ही डहाळीवाली गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

तळोजा_तात्या:
मी जरा विरोधात बोलणार. हे सगळं पुस्तकी आहे. आमच्या वडिलांनी आयुष्यभर शेळ्या पाळल्या, घरात जे उरेल ते घातलं, भाकरी, भाताची पेज, भाजीची देठं, कधी काही झालं नाही. उगाच लोकांना घाबरवू नका, गरीब माणसाची गाय आहे ती.

पशुवैद्य_बदलापूर:
तात्या, तुमच्या वडिलांची शेळी दिवसभर डोंगरात पाला खाऊन यायची, संध्याकाळी अर्धी भाकरी तिला काय करणार? पोट आधीच चोथ्याने भरलेलं. आणि रोज थोडं थोडं असल्याने जिवाणूंना सवय. घात होतो तो बांधून ठेवलेल्या जनावराला अचानक भरपूर दिल्याने. कुठलाही नवा चारा ८-१० दिवस वाढवत वाढवत द्यावा, दोन आठवडे मिळाले तर उत्तम.
आता शेळी आणि मेंढीतला फरक. धान कापल्यावरचा पेंढा, वाळलं गवत असा हलका, प्रथिनं कमी असलेला चारा असेल तर शेळी त्यातून बहुतेक वेळा मेंढीपेक्षा जास्त काढते. एक तर ती निवडून खाते, आणि रक्तातला युरिया बाहेर टाकण्याऐवजी परत कोठीपोटात आणून जिवाणूंना पुरवण्याची तिची ताकद जास्त. चांगला लसूणघास दिला तर दोघींच्या पचनात फारसा फरक उरत नाही.
दुसरा फरक टॅनिनचा. झाडपाल्यात तुरट द्रव्य असतं, बाभूळ, बोर, जांभूळ, ऐन वगैरे. ते प्रथिनांना चिकटून पचन अडवतं. शेळीची लाळग्रंथी मोठी, लाळेत टॅनिनला आधीच धरून ठेवणारी प्रथिनं सापडतात, त्यामुळे ती असा पाला जास्त झेपवते. मेंढीला तोच पाला थोडा ठीक, पण त्यावरच ठेवली तर खाणं कमी करते.

माणदेशी_माथाडी:
तात्यांचं पण खरं आहे आणि डॉक्टरांचं पण. मोकळ्यावर चरणारं जनावर आपलं आपण मिसळून खातंय, इथं चार घास तिथं चार घास. बांधलेल्याला आपण मिसळून द्यायला लागतंय, तिथंच माणसं चुकतात.

शहापूरची_रंजना:
घोडबंदरकर, तुमच्या मूळ प्रश्नावर. आम्ही शहापूरला शेळ्या पाळतो, जमीन तुमच्यासारखीच, तांबडी आणि पावसात पाणी वाहणारी. लसूणघासाचं जे सगळे सांगतात तो आपल्याकडे पावसाळ्यात मूळ कुजून जातो, फक्त हिवाळ्यात पाणी असेल तर येतो. आपल्या मातीत स्टायलो चांगला येतो, द्विदल आहे, हलक्या जमिनीत पण धरतो आणि वाळवून ठेवता येतो. बांधावर हादगा, शेवरी, शेवगा, गिरीपुष्प. गिरीपुष्पाचा वास शेळ्यांना आधी आवडत नाही, तोडून सुकवून दिला की खायला लागतात. आणि भातानंतर वाल-तूर घेतात ना, त्याचं भुसकट फेकू नका, पेंढ्यापेक्षा कितीतरी बरं. नेपियर लावा, पण थोडा, आणि महिना-सव्वा महिन्यात कापा, कमरेच्या वर गेला की लाकूड होतो. कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करून द्यावी म्हणजे दांड्यासकट खातात, पण पीठ करू नका, इंचभर राहू द्या.

घोडबंदरकर:
रंजनाताई, हेच हवं होतं. पेंढा आमच्याकडे भरपूर आहे, तो तसाच दिला तर चालेल का?

पशुवैद्य_बदलापूर:
नुसता भाताचा पेंढा म्हणजे पोट भरणार पण जनावर वाळणार. प्रथिनं ३-४ टक्के आणि सिलिका भरपूर, जिवाणूंना आत शिरायलाच त्रास. त्याला युरियाची प्रक्रिया करता येते, १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया साधारण ५० लिटर पाण्यात विरघळवून थरावर शिंपायचा, हवाबंद झाकून ३ आठवडे ठेवायचा, उघडल्यावर वास जाऊ द्यायचा मग द्यायचा. प्रमाण वाढवू नका, ते पाणी जनावराच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका, आणि करडांना-कोकरांना हा पेंढा नको, त्यांचं कोठीपोट अजून तयार नसतं. पिल्लू दूध पितं तेव्हा दूध एका पन्हाळीतून सरळ चौथ्या पोटात जातं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ते कोवळा पाला चघळायला लागतं तेव्हा पहिलं पोट वाढायला लागतं. म्हणून करडांसमोर कोवळी डहाळी लवकर टांगा.
आणि एक हिशेब करून ठेवा. ३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण किलो-सव्वा किलो कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, लागतो. हिरव्या नेपियरमध्ये ८० टक्के पाणी, म्हणजे नुसत्या हिरव्यावर ठेवायची तर ५-६ किलो खायला हवा, पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात तर पाणी त्याहून जास्त. पोट भरतं, पण माल कमी जातो आणि लेंडी पातळ होते. म्हणून सुकं हवंच.

पनवेल_प्रवीण:
सुबाभूळ कोणी बोलत का नाही? आमच्याकडे रेल्वेच्या कडेने जंगल माजलंय, फुकट पाला. फक्त ऐकलंय की त्याने केस गळतात.

पशुवैद्य_बदलापूर:
प्रवीण, सुबाभळीची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. पाल्यात २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं, पण मिमोसीन नावाचं विष. ऑस्ट्रेलियात गुरं सुबाभूळ खाऊन आजारी पडायची, केस झडायचे, गळ्यातली थायरॉइड सुजायची, आणि हवाईतल्या शेळ्या मात्र तीच खाऊन मजेत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या जिवाणूंत असेल. १९८०च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि तीही सुबाभूळ पचवायला लागली. पुढे तो जिवाणू वेगळा काढला, १९९२ मध्ये त्याला जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोनेसी नाव दिलं. म्हणजे पचनाची ताकद एका जनावरातून दुसऱ्यात अक्षरशः ओतता आली! कळपात एकाकडे असला की तो इतरांत पसरतो.
आपल्यासाठी साधा नियम, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर सुबाभूळ नको, आणि गाभण जनावराला कमीच.

कोपरखैरणे_कट्टा:
बापरे. पोस्टरवरून सुरू केलं होतं, कुठे पोचलो. डॉक्टर, लिहीत राहा.

येऊर_प्रेमी:
माफ करा, पण मला वेगळी काळजी आहे. शेळ्या म्हणजे डोंगर उघडा. येऊरच्या कडेने बघा, एक रोप वर येत नाही. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली म्हणून राळेगणसिद्धी, हिवरे बाजार हिरवे झाले. आणि खाडीकडे तर तिवरांत पण जनावरं सोडतात लोक.

शहापूरची_रंजना:
येऊर_प्रेमी, काळजी रास्त आहे, पण दोष मोकाट सोडण्याचा. शेळी कोवळा शेंडा खाते म्हणून रोप मरतं, मेंढी गवत मुळापर्यंत कापते म्हणून एकाच जागी ठेवली तर जमीन उघडी पडते. बांधून, आपल्याच बांधावरचा पाला तोडून घातला तर डोंगराला धक्का लागत नाही, उलट लोक बांधावर झाडं लावतात. आमच्या बांधावर हादगा-शेवरी शेळ्यांमुळेच आली.

अस्लम_कौसा:
तिवरांचं बरोबर बोललात. पाला खारट असतो, शेळ्या आवडीने खातात, पण कांदळवन संरक्षित आहे, ठाणे खाडी तर २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे जनावर सोडायचंच नाही.

पनवेल_प्रवीण:
अजून एक, रस्त्याच्या दुभाजकावर नवी मुंबईत सगळीकडे कण्हेर लावलीय, मोकाट शेळ्यांना धोका नाही का?

पशुवैद्य_बदलापूर:
मोठा धोका. कण्हेरीची थोडी पानं सुद्धा हृदय बंद पाडतात. छाटणी केलेल्या, सुकलेल्या फांद्या जास्त वाईट कारण कडवटपणा कमी वाटतो आणि विष तसंच राहतं. घाणेरी पण तशीच, भुकेलं जनावर खातं, मग यकृत खराब होऊन उन्हात कातडी सोलते. आणि ज्वारी लावणार असाल तर कोवळी, पाण्याचा ताण बसलेली किंवा कापणीनंतर फुटलेली कधीच चारू नका, त्यात सायनाइड तयार होतं, किरळ लागते म्हणतात ती हीच. फुलोऱ्यात आल्यावर कापा. वाळवलेल्या कडब्याला ही भीती फार उरत नाही.

माणदेशी_माथाडी:
मार्केटात फ्लॉवर-कोबीचा पाला ढिगानं पडतो, शेळीवाले गाड्या भरून नेतात. नेऊ नका म्हणत नाय, पण ओला ढीग एकदम घातला की पोट फुगतं, आधी सुकी वैरण द्या, मग सुकवलेला पाला थोडा. औषध मारलेलं असतंय ते पण बघा.

तळोजा_तात्या:
माथाडीबुवा, हे मान्य. पोट फुगलेली शेळी रात्री बघायला लागणं वाईट.
अवांतर: तांबडा-पांढरा रश्श्याला मेंढी की बोकड?

अस्लम_कौसा:
तात्या, तो वेगळा धागा काढा, तिथे शंभर प्रतिसाद येतील :)

घोडबंदरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाशी बोललो. ठरतंय ते असं: बांधावर हादगा, शेवरी, शेवगा, गिरीपुष्प, रिकाम्या तुकड्यात स्टायलो, नेपियर फक्त विहिरीजवळ, वाला-तुरीचं भुसकट साठवायचं आणि पेंढा प्रक्रिया करून. गव्हाण उंच. मेंढ्यांचं मात्र अजून ठरत नाहीये, त्यांना गवत तर आमच्याकडे भरपूर होईल.

पशुवैद्य_बदलापूर:
यादी चांगली आहे. दोन गोष्टी घाला. पहिली, शेळ्यांचं खनिज मिश्रण किंवा गाईची पेंड मेंढ्यांना देऊ नका. त्यात तांबं असतं, शेळी ते झेपवते, मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक काविळीसारखं होऊन मेंढी जाते. एकत्र गोठ्यात हे हमखास होतं. दुसरी, पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाचा रोग, येतो, चांगलं धडधाकट जनावर सकाळी मेलेलं सापडतं. त्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या. आणि पावसाळ्यात दव असताना चरायला सोडू नका, जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी असतात. यात शेळीला जास्त त्रास, उंचावर खायची सवय असल्याने जंतांशी लढायची तिची ताकद मेंढीपेक्षा कमी.

माणदेशी_माथाडी:
मेंढ्यांचं मी सांगतो भाऊ. दख्खनी मेंढी तुमच्या मुरबाडच्या पावसात टिकत नाय, खूर कुजतात, लोकर ओली राहून आजारी पडते. म्हणून तर आमची माणसं पावसाच्या आधी घाट चढून माघारी जातात. पण दिवाळीनंतर पारनेर-संगमनेरकडची खांडं मालशेज उतरून तुमच्याकडंच येतात. भात निघाला की वाडा, म्हणजे मेंढ्यांचा मुक्काम, शेतात बसवून घ्या, धसकटं आणि गवत मेंढ्या साफ करतील, लेंड्यांचं खत तुमच्या जमिनीला. मेंढ्या पाळायची गरजच नाय. शेळ्या तुमच्या, मेंढ्या आमच्या.

घोडबंदरकर:
हे तर डोक्यातच आलं नव्हतं. वाडा बसवायचा तर कोणाशी आणि कधी बोलायचं?

माणदेशी_माथाडी:
दसऱ्याच्या सुमाराला मालशेजच्या पायथ्याच्या गावांत विचारा, दरवर्षी येणारी माणसं ठरलेली असतात. धान्य-पैसे जे काय द्यायचं ते आधीच बोलून घ्या. आणि बांधावरची हादग्याची रोपं वर येईपर्यंत काटेरी फांद्या लावून झाका, आमच्या खांडातल्या शेळ्या ती सोडणार नायत.